गणपतीच्या कोपऱ्याची मोहीम आणि चोवीस बिटांचा पाडाव

श्रीगजानन समर्थ. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, श्रावण वद्य पक्षी, रत्नागिरी शहराचे वेशीबाहेर राजमान्य राजेश्री चारुदत्तपंत बागायतदार यांचे घरी जे तुंबळ जाहले, त्याची हकीकत पुढिलांस ठाऊक असावी म्हणोन लिहितो. पदरचे काही घालीत नाही. घालण्याची गरजच पडली नाही.

चारुदत्तपंत म्हणजे हापूस कलमांचे धनी, वय पन्नाशीपार. आंब्याचा हंगाम सरला आणि हातास काम उरले नाही, मग पंतांचे चित्तात संगीताचा शौक शिरला, आणि शौक शिरला तो एकटा न शिरता दोन पुरुषभर उंचीचे स्पीकर व एक काळी पेटी घेऊन शिरला. पेटीत चोवीस बिटांची गाणी वाजत, त्यात दर सेकंदास आवाजाचे एक लक्ष ब्याण्णव हजार तुकडे, इतकी फौज कोणा बादशहाचे पदरी नसेल. आणि साधी गाणी, जी सारी रयत मोबाईलवर ऐकोन संतुष्ट असते, त्यांस पंत 'गाळ' म्हणो लागले. वास्तविक खाशांचे कान ऐसे, की कुटुंब उर्वीबाई यांची जेवणाची हाक तीन कुंपणे ओलांडून शेजारी भिकाजी यांस पोचे, परंतु त्याच घरी बसल्या पंतांस न पोचे. तरी त्या लाखांतला एक तुकडा गळाला तर आपणांस कळतो, ऐसा दावा. आता यास काय म्हणावे!

इतके होते तरी घर सुखरूप होते. परंतु पंतांनी फीत घेऊन बाहेरची खोली मोजिली आणि फर्मान काढिले की, आवाज खरा खुलतो तो ईशान्येचे कोपऱ्यातच, सबब स्पीकर तेथे कायम राहतील. आणि तो कोपरा गणपतीचा. घर बांधिल्यापासून मखर तेथेच लागत आले, आणि मातुश्री आनंदीबाई यांचे यजमान कैलासवासी झाले त्या सालीही देव तेथेच बसले. पंतांनी सुचविले की, यंदा मखर समोरचे भिंतीस, चपलांचे कपाट हलवोन मांडावे. ऐकोन मातुश्रींचे डोळ्यांस पाणी आले, आणि पाणी पुसल्यावर जीभ सुटली.

"मेल्या, देवाला चपलांच्या जागी बसवतोस होय रे? तुझ्या त्या खोक्यांना नैवेद्य कोण दाखवणार?"

पंत मागे हटेनात. मग उर्वीबाईंनी, ज्या बँकेत नोकरीस असून दोन्ही बाजूंचे ऐकोन घेण्यात मुरलेल्या, मसलत करोन तह घातला. पंतांचे डोळ्यांवर पंचा बांधावा, एकच नाट्यपद कधी चोवीस बिटांचे आणि कधी साधे, ऐसे तीनदा लावावे, आणि पंतांनी कोणते ते सांगावे. तिहींत दोनदा ओळखिले तर कोपरा स्पीकरांचा, नाही तर देवाचा. भिकाजी, जे एसटीची चालकी करोन निवृत्त, ते पंच. मातुश्रींनी रागे भरोन मैदानात येणे नाकारिले आणि स्वयंपाकघरी नारळ खवणीत बसल्या.

रविवारी दुपारी रणवाद्य वाजले. उर्वीबाईंनी पद लाविले आणि अंतरा येताच तोडिले. पंतांनी मान हलवोन निकाल दिला की, हा निव्वळ गाळ. तो चोवीस बिटांचा निघाला. पंत गडबडले, परंतु शूर पुरुष, म्हणाले की, फ्रिजची घरघर आणि माडावरचा कावळा यांनी दगा केला. मग फ्रिज बंद जाहला, आणि भिकाजी काठी घेऊन परसात गेले आणि कावळ्याशी मोठी झुंज देऊन, अंगावर झावळी पाडून घेऊन, फत्ते पावोन परतले. दुसरे खेपेस पद पुनः अंतऱ्यापाशी तुटले, आणि पंतांनी ओळखिले ते बरोबर आले. पंच म्हणोन भिकाजींस मत पुसता त्यांनी अर्ज केला:

"मला काय फरक लागत नाय, बुवा. पण बाई गातेय बरी. पुरती गाऊ द्या की तिला!"

हा अर्ज नामंजूर जाहला. कारण पंत पंधरा दिवस हेच पद लावीत होते, आणि दर वेळी अंतऱ्यापाशी थांबवोन, मागे नेवोन, झांजेचा किणकिणाट तपाशीत होते. पुढे काय आहे हे घरात कोणासही ठाऊक नव्हते.

आता एक एक बरोबरी, आणि देवाची जागा तिसऱ्या खेपेवर आली. उर्वीबाईंनी बटणास बोट लावावे तो वीज गेली. पंखा थांबला, काळ्या पेटीचा दिवा विझला, आणि खोलीत ऐसी शांतता पडली की भिकाजींचे पोट बोलले तेही ऐकू आले.

आणि त्या शांततेत पद सुरू जाहले.

पंत ताठ बसले. चेहरा फुलला.

"वा! पंखा बंद केलात, छान केलंत! आता कसं! गाळ नाय, पडदा नाय, बाई समोर बसून गातेय हो! हेच माझं चोवीस बिट!"

यावर अंतरा आला आणि पद तुटले नाही, पुढे गेले. ती गाणारी वर चढली आणि ऐसी हळू उतरली, की पंचा भिजला. पद संपल्यावर उर्वीबाई इतकेच म्हणाल्या, "अहो, पंचा सोडा."

पंतांनी पंचा सोडिला, विझली पेटी पाहिली, आणि आवाज आलेल्या दिशेने चालत स्वयंपाकघरी गेले. तेथे मातुश्रींनी आपला जुना मोबाईल पितळी पातेल्यात उभा ठेविला होता, जेणेकरोन आवाज घुमावा. बाहेरचे लोक दोनदा पद तोडितात म्हणोन कंटाळोन त्यांनी आपले आपण पुरते लाविले होते. पंतांस पाहोन त्या म्हणाल्या:

"मोठा झालाय काय रे? कमी करू?"

पंतांस लाज वाटली. खाली बसले आणि म्हणाले, "नको. परत लाव."

त्याच सायंकाळी तहाप्रमाणे दोन्ही स्पीकर कैद होऊन आंब्याचे कोठारात, रिकाम्या पेट्यांमध्ये रवाना जाहले, आणि मातुश्रींनी कोपरा स्वहस्ते पुसोन काढिला.

चतुर्थीस देव स्वस्थानी बसले. परंतु ऐन उकडीचे वेळी तांब्याचे मोदकपात्र सापडेना. शोध करिता ते पंतांचे मांडीवर मिळाले, आत मोबाईल, आणि पंतांचा निष्कर्ष ऐसा की, पितळेत आवाज मऊ येतो, परंतु तांब्यात झांज अधिक खुलते. मातुश्रींनी पात्र हिसकावोन हुकूम दिला की, आधी मोदक.

येणेप्रमाणे कोपरा फत्ते जाहला, मोदकपात्र सोडविले, पद पुरते ऐकिले गेले, आणि आरतीस भिकाजींसह सर्वांनी आपापले पट्टीत कंठ लाविले. पंतांस पुसले की, हे कोणत्या प्रतीचे? पंत त्या वेळी सर्वांहून मोठ्याने गात होते, त्यांस प्रश्न ऐकू गेला नाही.