दोनशे सत्त्याऐंशीची हद्द

आमचे शेजारी नामदेवराव वानखेडे एकच कादंबरी एकाच वेळी दोन ठिकाणी वाचायचे. डाव्या मांडीवर छापील पुस्तक, उजव्या हातात ई-रीडर. यंत्रावर तीनदा बोट फिरवायचं, पुस्तकाचं एक पान पुढे जायचं, भिंगातून पानाचा आकडा बघायचा, मान हलवायची. असा माणूस मी वर्धेत दुसरा पाहिलेला नाही. वर्धेबाहेरचं मला ठाऊक नाही, म्हणून लिहीत नाही.

काका मोजणी खात्यातून निवृत्त झाले. सदतीस वर्षं त्यांनी लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजून दिल्या. खातं सुटलं, पण शर्टाच्या खिशातली फीत सुटली नाही. "मोजल्याबिगर मानाचं नाई" हे त्यांचं ब्रीद. भाजीबाजारात पवनारच्या एका बाईनं दुधी 'हातभर' आहे म्हणून सांगितला, तर काकांनी फीत काढली. चौदा इंच भरला. तेव्हापासून ती बाई त्यांना लांबूनच हाक मारते, "या फीतवाले बाबा, मोजून घ्या, मंग म्हनजा लहान निघाला."

मी घर बांधलं तेव्हा माझी कुंपणाची भिंत त्यांच्या बाजूला चार इंच सरकली आहे, हेही त्यांनीच शोधलं. मी घाबरलो. ते म्हणाले, "राहू द्या भाऊ. चार इंचानं काई जात नाई. पन माहीत असलं पायजे."

ई-रीडर त्यांच्या मुलीनं हैदराबादहून पाठवला. सावंगीच्या दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी बारीक अक्षर आता बंद, असं सांगितलं होतं. काकांनी यंत्र आल्याबरोबर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. दोनशे दहा ग्रॅम. मग आपली आवडती जुनी कादंबरी ठेवली, जिच्यातला एखादा धडा आपण सगळ्यांनीच शाळेत वाचलेला असतो. चारशे अकरा पानं, पाचशे चाळीस ग्रॅम. यंत्राच्या बाजूनं त्यांनी दोन गोष्टी मान्य केल्या: अक्षर पाहिजे तेवढं मोठं होतं आणि लाइन गेली तरी दिसतं. पुस्तकाच्या बाजूनं म्हणाले, पडलं तर फुटत नाही, चार्जिंगला लावावं लागत नाही आणि खूण ठेवता येते.

मी म्हटलं, खूण तर यंत्रही ठेवतं, आपण कुठे थांबलो ते त्याला आपोआप कळतं.

"त्याले एकाचंच ध्यानात राह्यते," काका म्हणाले.

मला तो नुसता हट्ट वाटला. दोन्ही एकदम कशाला वाचता, असं विचारलं तर म्हणाले, "मशीन पानं खाते का, ते पाहून राह्यलो."

पण भिंग लावून लावून त्यांचे डोळे लाल व्हायला लागले. तेव्हा मी मध्ये पडलो. मी आकड्यांचा माणूस आहे. दुसऱ्याच्या उपयोगी पडायचं तर मला तेवढंच येतं. पुस्तकातली दहा पानं मोजली, त्यांना यंत्रावर तीस वेळा बोट फिरवावं लागलं. म्हणजे एकास तीन. अक्षराचा आकार बदलायचा नाही असं बजावून मी जाड पेनानं मोठा तक्ता केला आणि त्यांच्या भिंतीवर लावला. आता पुस्तक बंद ठेवा, यंत्रावर अमुक आकडा आला, की पुस्तकाचं तमुक पान आलं असं समजा.

काकांनी एकच गोष्ट विचारली. दोनशे सत्त्याऐंशी कुठे येते? मी सांगितलं, आठशे एकसष्ट. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. मग त्या आकड्याभोवती लाल गोल करून घेतला. बाकीच्या तक्त्याकडे त्यांनी पाहिलंही नाही, याचं मला थोडं वाईट वाटलं.

आमची ही म्हणाली, "पुस्तक वाचाचं असते, त्याची मोजनी नाई कराची. दोघंबी एकाच मापाचे."

दहा-बारा दिवस काका मजेत वाचत होते. मग एका संध्याकाळी ओसरीत दिसले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी गेलो. यंत्र टेबलावर पालथं पडलं होतं आणि काका शेजारी नुसते बसले होते.

"भाऊ, तुमचा कागद चुकला."

मला आयुष्यात पुष्कळ लोक पुष्कळ बोलले आहेत, पण हे कुणी बोललं नव्हतं. मी पुस्तक घेतलं आणि तपासायला बसलो. दहा मिनिटांत चूक सापडली. छापील पुस्तकात सुरुवातीला बारा पानांची प्रस्तावना आहे आणि पानांचे आकडे तिथूनच सुरू होतात. यंत्रात प्रस्तावना नाही. तिथे पहिल्या पानावर थेट गोष्टच. म्हणजे माझा लाल गोल बारा पानं पुढे पडला होता. मी माफी मागितली आणि म्हटलं, बाराच पानं आहेत, मागे जाऊ.

काकांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि न बघता बरोबर उघडलं. दोनशे सत्त्याऐंशी. तिथे एक लाल दोरा होता आणि एक बसचं तिकीट, पवनार ते वर्धा. शाई पार उडालेली.

मग सांगू लागले. काकू पवनारला शाळेत शिकवायच्या. पुस्तक घरात एकच. त्या बसमध्ये वाचायच्या, काका संध्याकाळी ओसरीत. काकूंची खूण तिकीट, काकांची दोरा. काका नेहमी पुढे निघून जायचे आणि जेवताना कोण मरतं ते सांगून टाकायचे. म्हणून या कादंबरीच्या वेळी काकूंनी शपथ घातली, माझ्या तिकिटाच्या पुढे जायचं नाही. सहा वर्षांपूर्वी काकू गेल्या. तिकीट तिथेच राहिलं. तेव्हापासून काकांनी ही कादंबरी सात वेळा वाचली, दर वेळी पहिल्यापासून दोनशे सत्त्याऐंशीपर्यंत.

"मले तिकिटाच्या पुढच्या पहिल्याच ओळीले समजलं, हे आपन कधी वाचलं नाई," काका म्हणाले. "पन तुमचा कागद म्हने, हद्द यायची आहे अजून. अन् मी जनमभर लोकाइले सांगतलं, कागद म्हनते थेच खरं. गेलो पुढं." टेबलावरचं यंत्र त्यांनी सुलटं केलं. "खोटं काऊन बोलू? चांगलं होतं पुढचं."

मी तक्ता दुरुस्त करून देतो म्हटलं. त्यांनी मान हलवली.

"राहू द्या. मी पुढं अन् ती मांगं, हे बरं नाई. आता तिलेच घेऊन येतो."

आता रोज संध्याकाळी ओसरीत दोन खुर्च्या असतात. एकीवर काका यंत्र घेऊन, दुसरीवर पुस्तक. दोनशे अठ्ठ्याऐंशीपासून ते मोठ्यानं वाचतात. रोज एकच पान, तीनदा बोट फिरवून. काही चांगलं आलं की थांबून दुसऱ्या खुर्चीकडे बघतात. वाचून झालं की तिकीट त्या पानावर ठेवतात. आमची ही कणीक मळता मळता खिडकीशी येऊन उभी राहते.

सुरुवातीला एकशे चोवीस पानं उरली होती. आज किती उरली, ते मला रोज ठाऊक असतं. मी सांगितलेलं नाही. आणि प्रत्येक गोष्ट मोजून घेणाऱ्या काकांनी अजून एकदाही विचारलेलं नाही.