हौदाच्या बुडातलं पाणी

आमच्या आर्णीत शेजारी विरजण मागायला येतात, मिक्सर मागायला येतात. घड्याळवाले शब्बीरचाचा पाणी मागायला येतात, तेही हौदाच्या बुडातलं, शेवाळ धरलेलं. हातात औषधाची रिकामी बाटली आणि तोंडावर नवरदेवासारखी सभ्यता.

"चाचा, वरचं साफ पाणी न्या ना," मी म्हणायची.

"साफ पाण्यात काय ठेवलं, ताई? त्यात कोणी राहतच नाही."

आता असं बोलणाऱ्या माणसावर विश्वास ठेवायचा तरी कसा? मी दिवसभर खिडकीशी शिलाई मशीनवर बसते, त्यामुळे गल्लीत कोण कुठे गेलं ते मला आपोआप कळतं. चाचा कोणाच्या कूलरमधून, कोणाच्या म्हशीच्या टाक्यातून पाणी नेत. आणि दोनदा असं झालं, की त्यांनी पाणी नेलं अन् आठ दिवसांत डेंग्यूची तपासणी माझ्याच दारात! "हा माणूस चुगली करते," मी नवऱ्याला सांगितलं.

"तुले तं दूधवाल्याचाही शक येते," नवरा म्हणाला. येतोच. पाणी घालतो तो.

शेवटी एक दिवस ब्लाउज अर्धवट टाकून मी चाचांच्या दुकानात धडकले. टेबलावर घड्याळांच्या मधोमध एक सूक्ष्मदर्शक होता. एका शाळेनं तो दुरुस्तीला दिला होता, नंतर न्यायला कोणी फिरकलंच नाही.

"काय करून राह्यले आमच्या पाण्याचं? खरं सांगा."

चाचांनी उलट माझ्याकडेच संशयानं पाहिलं. "तुम्हाले कोणी पाठवलं?"

"माझं पाणी आहे, मले कायले कोणी पाठवन?"

हे त्यांना पटलं असावं. "मग एक डोळा मिटा अन् पाहा."

पाहिलं. काचेवर एक निळसर तुतारी उभी! निमुळतं टोक काडीला चिकटलेलं, रुंद तोंडाभोवती बारीक केसांची झालर फिरत होती आणि पाणी आत ओढत होती. पोटात मण्यांची माळ.

"हा स्टेंटर. मोबाईलवर नाव शोधलं म्या. अख्खा जीव एका पेशीचा. ना डोळे, ना मेंदू. त्या माळेवर सारा कारभार. आता पाहा." चाचांनी चिमट्यात धरलेला केस त्याला लावला. झटक्यात तुतारीचा गोळा झाला. "शक!" चाचा खूश. "मेंदू नाही, पण शक आहे! आपल्याच बिरादरीचा."

मजा वाटली, कबूल करते. पण निघताना खिडकीतली बरणी दिसली. सडका पाला, हिरवं पाणी. त्यात असे शेकडो आहेत म्हणाले. माझं डोकं परत फिरलं. आमचे हौद कोरडे करायला लावतात आणि यांची बरणी मजेत? पुढच्या कोरड्या दिवशी, म्हणजे डेंग्यूसाठी साठलेलं पाणी ओतून टाकायच्या दिवशी, तपासणीच्या बाई आल्या तेव्हा मी चाचांच्या खिडकीकडे बोट दाखवलं. त्यांनी बरणी नालीत ओतली.

चाचा भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बरणी विसळली आणि शटर ओढलं. तीन दिवस ते उघडलं नाही. चुगलखोर म्हणून मी ज्याला नावं ठेवली त्यानं काही केलंच नव्हतं, चुगली मी केली होती. मला माझीच लाज वाटली.

चौथ्या दिवशी हौदात खांद्यापर्यंत हात घालून गाळ, पाला, शेवाळ सगळं डब्यात भरलं आणि शटर वाजवलं.

"मीच सांगतलं होतं त्या बाईले, चाचा."

"मालूम आहे. दिसलं मले." पण डबा त्यांनी घेतला.

थेंबामागून थेंब पाहिले. बऱ्याच वेळानं एक सापडला. चाचांनी केस लावला, गोळा. थांबले, तो उघडला. परत लावला, परत गोळा. असं कितीदा तरी. मग एकदा केस लागला आणि तो मिटलाच नाही, झालर फिरतच राहिली.

"बिघडला काय हा?"

"नाही, ताई. त्याले समजलं का हा आपला दुश्मन नाही. पण त्यासाठी सारखं सारखं यावं लागते." चाचांनी भिंगावरचा डोळा काढला नाही. "माझी घरवाली गेली तेव्हा लय लोक आलते. मी आत बसून राह्यलो, कोणासंग बोललो नाही. लोकाईची काय चूक? दोनदा आले. तिसऱ्यांदा कोणी आलं नाही."

मी डबा तिथंच ठेवून घरी आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. "काय काम होतं, ताई?" चाचांनी बारीक डोळे करून विचारलं.

"काहीच नाही," म्हटलं, आणि स्टूल ओढून बसले. ते तासभर बोलले नाहीत. काल मी परत गेले, चाचा कालही बोलले नाहीत.

आत्ता हा ब्लाउज संपवते, आणि जाते.