दुर्गाबाई हलल्या नाहीत

कॅमेऱ्यावर घ्यायचं काळं कापड नंदलालकाकांनी बुजगावण्याच्या अंगावर घातलं होतं, हे रुपाला ऐन फोटोच्या दिवशी कळलं.

"पाखरं लय भेत होते पण," काका म्हणाले. "दादाचं कापड, कामी आलं."

"काका, अंधार केल्याशिवाय काचेवर काही दिसत नाही."

"मंग वाकळ घे ना, पोरी. वाकळीत का अंधार नाई रायत?"

म्हणून रुपाच्या बाबांचा, इश्वररावांचा, मोठा लाकडी कॅमेरा लाल फुलांची वाकळ पांघरून सिहोऱ्यातल्या त्यांच्या अंगणात उभा राहिला. पुढे पितळी भिंग, मागे दुधी काच, मधे बाजाच्या पेटीसारखा काळा भाता. इश्वरराव उन्हाळ्यात गेले. स्टुडिओला कुलूप लागलं. आता नागपूरचा भूपेंद्र, रुपाच्या मावशीचा मुलगा, दुपारी टेम्पो घेऊन येणार होता. त्याला नव्या हॉटेलच्या दारात हा कॅमेरा शोभेला ठेवायचा होता. रुपाच्या आईने, दुर्गाबाईंनीच त्याला सांगितलं होतं, "ने बापा, झाडताना पायात येते."

पण त्याआधी रुपाला आईचा एक फोटो या कॅमेऱ्याने काढायचा होता. स्टुडिओच्या भिंतींवर अर्ध्या तालुक्यातल्या नवऱ्या होत्या, बाळं होती, कुस्ती जिंकलेले पहिलवान होते. दुर्गाबाई कुठेच नव्हत्या. त्यांच्यासाठी बाबांनी शेवटची एक फिल्म राखून ठेवली होती. "यंदाच्या दिवाळीत तुझाच," ते दरवर्षी म्हणत. परवाची दिवाळी त्यांच्याविना झाली. फिल्म तशीच होती.

एकच होती, म्हणून चूक करायला जागा नव्हती. फिल्म एका चपट्या लाकडी घरात बसलेली असते, तिच्यावर काळी फळी सरकवलेली. फोटोच्या आधी फळी ओढून काढायची, फोटो झाला की पुन्हा सरकवायची. मधे कुठे उजेड शिरला की खेळ खलास. लहानपणी बाबांना रुपाने हे इतक्यांदा करताना पाहिलं होतं की आपल्याला येतं, अशी तिची समजूत झाली होती.

आधी कॅमेरा समतल करायचा होता. अंगण पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून गोठ्याकडे उतरतं होतं. कॅमेऱ्याखालच्या तिकाटण्याचा एक पाय लांब केला की दुसरा रुसायचा. नंदलालकाकांचा जन्म धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, सपाट करण्यात गेला होता. त्यांनी स्वयंपाकघरातून पाण्याने भरलेलं ताट आणलं आणि कॅमेऱ्याच्या डोक्यावर ठेवलं.

"पाणी खोटं नाई बोलत. जिकडं सांडते तिकडचा पाय उचल."

पाणी रुपाच्या मानेवर सांडलं.

"हा, आता समजलं," काका समाधानाने म्हणाले. "मांगचा उचल."

कॅमेरा एकदाचा सरळ झाला. मग पुढची भिंगाची फळी आणि मागची काच समोरासमोर आणायची होती. बाबा म्हणायचे, "व्याही-व्याही भेटीले उभे रायते तसं पायजे. एक वाकला का चित्र वाकलं." रुपाने स्क्रू सैल केला. पुढचा व्याही धाडकन मान टाकून पडला. त्याला उभं केलं, तर मागचा वाकला.

"हुंड्याचं बोलणं फिसकटलं वाटते," शेजारच्या पुष्पाबाई कुंपणावरून म्हणाल्या आणि आत आल्या. त्यांच्यामागून त्यांची शेळीही आली, पण तिच्याकडे तेव्हा कोणाचं लक्ष नव्हतं.

दुर्गाबाई हिरवं लुगडं नेसून खुर्चीत बसल्या होत्या. म्हणजे अधूनमधून बसत होत्या. दूध झाकून आल्या, लोणच्याची बरणी झाकून आल्या. या घरात उघडं काही राहत नसे. माठावर झाकण, पिठावर झाकण, झोपलेल्या माणसाच्या तोंडावर पदर.

रुपाने वाकळीत डोकं घालून काचेवर आई स्पष्ट केली. पुष्पाबाईंनाही बघायचं होतं. त्या वाकळीत शिरल्या आणि आतूनच ओरडल्या,

"अवं दुर्गाबाई! तुमी तं वटवाघळावानी उलट्या लटकून रायल्या!"

"कोठी? पाहू दे मले."

"आई, उठू नकोस!"

दुर्गाबाई उठून वाकळीत शिरल्या. वाकळ आतून इकडून तिकडे हलली.

"खुर्चीच दिसते. मी कोठी हाव याच्यात?"

"तू इथं आहेस, आई."

"मंग पुष्पाबाईले कशी दिसली?"

रुपाने आईला पुन्हा बसवलं, पुन्हा स्पष्ट केलं, भिंगावर टोपण घातलं, फिल्मचं घर मागे सरकवलं आणि श्वास रोखून काळी फळी ओढून काढली. ती तिने स्टुलावर ठेवली. तेवढ्यात गोठ्याकडून काका ओरडले,

"बकरी! धानात बकरी!"

वाळत घातलेल्या नव्या धानात शेळी मधोमध उभी राहून जेवत होती. काका काठी घेऊन धावले, पुष्पाबाई "मारू नका बापा, गाभण हाय" म्हणत काकांच्या मागे, आणि रुपा दोघांच्या मधे. शेळी बाहेर गेली. धान अंगणभर झालं. रुपा परत आली तेव्हा आई खुर्चीत अगदी शहाण्यासारखी बसलेली होती.

"आता हलू नकोस. बोलूही नकोस. मी सांगेपर्यंत पापणीसुद्धा नाही."

दुर्गाबाईंनी ओठ मिटले. रुपाने समोर उभं राहून टोपण काढलं, आईकडे बघत मनात आकडे मोजले, टोपण लावलं. आई हलली नव्हती. रुपाचे डोळे भरून आले. मग फळी लावायला ती स्टुलाकडे वळली.

स्टुलावर फळी नव्हती.

"काका, वाकळ धरा! घट्ट! उजेड नको जायला!"

काकांनी कॅमेऱ्याला वाकळीसकट मिठी मारली. रुपाने स्टुलाखाली पाहिलं, धानात पाहिलं, चुलीजवळ पाहिलं. पुष्पाबाईंनी स्वतःच्याच शेळीवर संशय घेतला आणि तिच्या तोंडात बोटं घालून आल्या.

"नाई खाल्ली," त्यांनी जाहीर केलं.

दारात टेम्पो थांबला. भूपेंद्र आत आला. समोर काका वाकळीला कवटाळून उभे होते, रुपा धानात रांगत होती आणि मावशी खुर्चीत पुतळ्यासारखी बसली होती.

"काय झालं? कोणी गेलं का?" त्याने हळूच विचारलं.

"मी धरून रायलो, तू बोलू नको," काका म्हणाले. "माह्या हाताले मुंग्या येऊन रायल्या."

"मावशी, तुमी तरी सांगा."

दुर्गाबाईंचे ओठ अजून मिटलेलेच होते. त्यांनी फक्त डोळे रुपाकडे फिरवले. रुपाला एकदम काहीतरी आठवलं.

"आई, बोल. आता बोललीस तरी चालेल."

"हलू का?"

"हल."

दुर्गाबाईंनी मोठा श्वास सोडला. "काय धुंडून रायली? थे काळी फळी? थे तं मी लावून देली. तुमी बकरीमांगं गेल्या, तं उघडंच पडलं होतं. धूळ जाईन ना आत!"

रुपाने वाकळ वर केली. फळी जागच्या जागी होती, शेवटपर्यंत नीट सरकवलेली. फोटो निघालाच नव्हता. फिल्म कोरी होती.

ती धानातच बसली. हसायला आलं, आणि हसता हसता भलतंच काही येईल म्हणून तिने तोंडावर पदरासारखी ओढणी घेतली.

"तुह्या बाबाच्या वक्तीबी असंच व्हे," दुर्गाबाई म्हणाल्या. "मी आपली झाकून देवो."

"आणि बाबा चिडायचे नाहीत?"

"काहून चिडन? म्हणत, चला, फिलम वाचली. पुढच्या दिवाळीले काढू."

भूपेंद्रने घड्याळ पाहिलं. "मावशी, मंग कॅमेरा उचलू का?"

"आता कसा नेशील, बापा? फोटो व्हाचा हाय ना. दिवाळी झाल्यावर ये."

"दिवाळी तं झाली."

"मंग चहा पिऊन जा."

तो चहा प्यायला. जाताना पुष्पाबाईंनी त्याच्या टेम्पोत शेळी चढवून दिली, वाटेत डॉक्टरला दाखवून दे म्हणून.

रुपाने फिल्मचं घर काढून कपाटात ठेवलं, भिंगाचं टोपण काढलं आणि जाता जाता एकदा वाकळीत डोकं घातलं. काचेवर उलटी खुर्ची होती, उलटं अंगण, वरून खाली उगवलेली तुळस. मग तिकडून आई उलटी चालत आली. जवळ आली, मोठी झाली, तिचा हात सगळ्या काचेवर पसरला.

भिंगावर टोपण बसलं.