जोडी नंबर, लाइफटाइम फ्री

एका सोमवारी दुपारी घड्याळवाल्यानं ठरवलं, की आता फोन कंपनीकडे तक्रार करायचीच.

तक्रार तशी किरकोळ होती. फोनमध्ये मागून बारीक टिकटिक ऐकू यायची. दुसऱ्या कुणाच्या ती लक्षातही आली नसती; पण ज्याचा जन्म डोळ्याला भिंग आणि कानाला घड्याळ लावण्यात गेला, त्याला ती सहन होईना. (खरं म्हणजे फोन फुकटाचा होता. पण फुकटाच्या वस्तूत खोट काढायला काही वेगळे पैसे पडत नाहीत.)

हा फोन साधासुधा नव्हता. त्याच्या एका टोकाला घड्याळवाल्याचं दुकान होतं आणि दुसऱ्या टोकाला घरी अंथरुणावर पडलेले त्याचे वडील, अण्णा.

अण्णा शाळेत कवायतीचे मास्तर होते. त्यांनी "सावधान" म्हटलं की मैदानाबाहेरून चाललेली माणसंसुद्धा थबकायची. गेल्या वर्षी पक्षाघातानं त्यांची उजवी बाजू गेली आणि आवाजही गेला. राहिले ते डावा हात आणि स्वभाव. डाव्या हातात ते स्टीलचा चमचा धरायचे आणि पलंगाच्या लोखंडी दांडीवर खण्‌ करून वाजवायचे. पाणी हवं, खण्‌. कूस बदलायची, खण्‌. नाकावर माशी बसली, खण्‌. आपण गेलं की काय ते शोधून काढायचं.

बायको गणवेश शिवण्याच्या कारखान्यात. तिथं मोबाइल फाटकावरच जमा करून घ्यायचे. म्हणजे नऊ ते पाच घरात अण्णा आणि चमचा, दोघंच. तेवढ्यात कंपनीची 'जोडी नंबर' योजना आली. एका घरचे दोन नंबर घ्या, एकमेकांशी हवं तेवढं बोला, लाइफटाइम फ्री. विकणाऱ्या मुलीला घड्याळवाल्यानं तीनदा विचारलं होतं, "लाइफटाइम म्हणजे कायमचं ना?"

"लाइफटाइम म्हणजे लाइफटाइम, काका," ती म्हणाली होती. एवढ्या गोड आवाजात म्हणाली, की चौथ्यांदा विचारायची त्याला लाज वाटली.

तेव्हापासून बायको सकाळी निघताना अण्णांच्या उशाशी स्टुलावर फोन ठेवायची, चार्जर लावायची, दुकानाचा नंबर जोडून द्यायची, आणि तो कॉल संध्याकाळी ती परत आल्यावरच बंद व्हायचा. दुकानात घड्याळवाल्याचा फोन घड्याळाच्या एका रिकाम्या खोक्यात उभा असायचा, स्पीकरवर. दिवसभर त्यातून अण्णांचा श्वास ऐकू यायचा. खण्‌ झालं की हातातलं टाकून हा पळत सुटायचा. चार मिनिटांत घर. आठ महिन्यांत तो श्वासाचा असा जाणकार झाला, की अण्णा झोपलेत की नुसते डोळे मिटून रागावलेत, हे त्याला दुकानात बसून कळायचं.

सगळं सुरळीत चाललं होतं. म्हणूनच त्याला टिकटिक ऐकू आली.

स्वतःचा फोन गुंतलेला, म्हणून त्यानं शेजारच्या चष्मेवाल्याचा फोन मागून घेतला आणि तक्रार विभागाला लावला.

"बोला सर, काय अडचण आहे? कॉल लागत नाही का?"

"लागतो की. लागलेलाच आहे."

"लागलेलाच म्हणजे? कधीपासून?"

"सकाळी नऊपासून."

"सर, आता साडेतीन वाजलेत."

"हो, अजून दीड तास आहे. पण बाई, मागे टिकटिक येते हो. सारखी."

"सर, तुम्ही कुठून बोलताय?"

"दुकानातून."

"कसलं दुकान?"

"घड्याळांचं," घड्याळवाला म्हणाला, आणि तोंड तसंच उघडं ठेवून त्यानं भिंतीकडे बघितलं. भिंतीवर एकेचाळीस घड्याळं होती. एकेचाळीसच्या एकेचाळीस चालू होती.

चष्मेवाला इतका हसला, की त्याला स्वतःचा चष्मा काढून पुसावा लागला. घड्याळवाल्यानं बाईंची माफी मागितली, तक्रार मागे घेतली. पण त्या बाई कामात चोख होत्या. त्यांनी सगळं लिहून घेतलं आणि वर पाठवलं.

पुढच्या सोमवारी मेसेज आला. कंपनीनं तपासणी केली होती. या दोन क्रमांकांत आठ महिने रोज आठ-आठ तास कॉल चालतो आणि त्यात एकमेकांशी कुणी बोलत नाही, असं आढळून आलं होतं. सबब हा वापर घरगुती दिसत नाही. यापुढे प्रत्येक कॉल दहा मिनिटांनी आपोआप बंद होईल. सहकार्याबद्दल आभार.

"घरगुती दिसत नाही?" बायको म्हणाली. "घरात कोण बोलतं एकमेकांशी? आणि तुम्ही टिकटिकीची तक्रार केलीत? घड्याळांच्या दुकानातून?"

"माझ्या लक्षात नाही आलं."

"अहो, चांगलं चाललेलं बघवत नाही का तुम्हाला?"

चांगलं चाललेलं घड्याळ त्याच्याकडे कुणी कधी आणलंच नव्हतं.

मग ती दहा-दहा मिनिटं सुरू झाली. दर दहा मिनिटांनी फोन तुटायचा. यानं पुन्हा लावायचा, तिकडे रिंग वाजायची, आणि अण्णांनी डाव्या हातानं चमचा उलटा धरून त्याच्या दांडीनं हिरवं बटण दाबायचं. चमचा बटणापर्यंत पोचेपोचेतो रिंग थांबायची. अण्णा हात मागे घेईतो ती परत सुरू व्हायची. आयुष्यभर दुसऱ्यांकडून कवायत करून घेतलेल्या माणसाची अशी दिवसभर कवायत चालली. त्यांची दुपारची झोप गेली. घड्याळवाल्याचं कामावरचं लक्ष गेलं. एका गिऱ्हाइकाला त्यानं मिनिटकाट्याविना घड्याळ परत दिलं.

चौथ्या दिवशी कॉल तुटल्यावर रिंग वाजतच राहिली. एकदा, दोनदा, सहादा. घड्याळवाला पळाला. कुलूप उघडून आत शिरला.

अण्णा जमिनीवर होते. फोन घ्यायला वाकले आणि पलंगावरून घसरले असावेत. गाल फरशीला टेकलेला, कपाळावर टेंगूळ, पाय अजून पांघरुणातच. स्टुलावरचा फोन त्यांच्या डोक्यावर वाजत होता. डोळे उघडे होते आणि दाराकडे लागले होते. किती वेळ लागले होते, हे विचारायची त्याला हिंमत झाली नाही.

त्या संध्याकाळी बायको आल्या आल्या कामाला लागली. टेंगळावर मलम लावलं, चादर बदलली, भांडी घासली. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिनं रजा घेतली. "मी बसते यांच्यापाशी. तुम्ही जा कंपनीत. आणि ते पहिल्यासारखं चालू करून घ्या, काय वाट्टेल ते करा. नाहीतर मला नोकरी सोडावी लागेल."

कंपनीचं ऑफिस थंडगार होतं. टोकन घेऊन दीड तास बसल्यावर त्याचा नंबर आला. काउंटरवरचे साहेब सभ्य होते, हीच मोठी पंचाईत होती. सभ्य माणसावर ओरडता येत नाही.

"लाइफटाइम फ्री म्हणाला होतात तुम्ही," घड्याळवाला म्हणाला.

"बरोबर आहे सर. योजनेच्या लाइफटाइमपुरतं. ती योजना आता बंद झालीय."

"म्हणजे वडील आहेत आणि योजना गेली?"

"हो सर." साहेबांनी स्क्रीनकडे बघून खात्री केली. "एरवी उलटं होतं."

"अहो, पण त्यांना बोलता येत नाही! मी नुसता ऐकतो."

"तेच तर सर. ऐकण्याची वेगळी योजना आमच्याकडे नाही."

घड्याळवाल्यानं घरी फोन लावला. बायकोनं तो अण्णांच्या उशाशी ठेवला आणि यानं आपला फोन काउंटरवर, स्पीकरवर. आत जाणारा श्वास, मग थोडं अडकल्यासारखं, मग घरघरत बाहेर येणारा. साहेबांनी टायपिंग थांबवलं. मागच्या रांगेतली कुजबुज थांबली. माणसं हळूहळू पुढे सरकली आणि त्या फोनभोवती गोळा झाली.

बरोबर दहाव्या मिनिटाला, श्वास आत गेला असतानाच, कॉल तुटला.

"अगं बाई! गेले?" रांगेतली एक बाई किंचाळली.

"नाही हो, कंपनीनं कापलं," घड्याळवाला म्हणाला. बाईंनी साहेबांकडे असं बघितलं, की साहेबांनी उठून आतल्या खोलीत जाऊन वरच्या साहेबांना फोन केला.

परत आले ते हसत आले. "झालं तुमचं काम. खास बाब म्हणून पुन्हा चालू करतोय. फक्त घरचा नंबर वडिलांच्या नावावर आहे. त्यांची तोंडी संमती रेकॉर्ड करावी लागेल."

"त्यांना तोंडी येत नाही."

"तेही विचारलंय मी. चमचा चालेल म्हणालेत. एकदा वाजवला तर हो, दोनदा वाजवला तर नाही."

पुन्हा फोन लागला. बायकोनं अण्णांना सगळं नीट समजावून सांगितलं. साहेबांनी कागद हातात धरून वाचलं, "आपला क्रमांक आपल्या मुलाच्या दुकानाशी दिवसभर जोडून ठेवण्यास आपली संमती आहे का?"

मग खण्‌.

"वा!" रांगेतलं कुणीतरी म्हणालं.

खण्‌.

साहेबांनी कागदावरून नजर वर केली. "दोन झाले."

"हात थरथरतो त्यांचा," घड्याळवाला घाईनं म्हणाला. "पुन्हा विचारा."

साहेबांनी पुन्हा विचारलं. खण्‌, खण्‌.

"वय झालंय हो साहेब. समजत नाही त्यांना."

हे वाक्य पुरं व्हायच्या आत तिकडून असे दोन खणखणीत ठोके आले, की जुने विद्यार्थी असते तर रांगेत ताठ उभे राहिले असते.

"समजतंय सर त्यांना," साहेब म्हणाले.

"अहो," फोनमधून बायकोचा आवाज आला, "पाटी मागतायत. थांबा जरा."

कधीमधी काही मोठं सांगायचं असलं तर अण्णा डाव्या हातानं पाटीवर लिहायचे. एकेका शब्दाला दोन-दोन मिनिटं लागायची. पेन्सिलीची खरखर सगळ्या ऑफिसनं ऐकली.

"लिहिलंय," बायको वाचू लागली, "आठ महिने मलाही ऐकू येतंय."

रांगेतल्या लोकांना त्यात काही विशेष वाटलं नाही. घड्याळवाल्याची मात्र कानशिलं तापली. इतके दिवस त्या फोनला तो कानच समजत आला होता. त्याला तोंडही असतं आणि ते अण्णांच्या उशाशी उघडतं, हे एवढी यंत्रं कोळून प्यायलेल्या माणसाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यानं गायलेली गाणी अण्णांनी ऐकली होती. गिऱ्हाइकांना मारलेल्या थापा ऐकल्या होत्या. हे सगळं एक वेळ चाललं असतं. पण रोज चारच्या चहाला चष्मेवाला येऊन बसायचा, "कसं काय अण्णांचं?" विचारायचा, आणि हा खोक्यातल्या फोनपासून हातभर अंतरावर बसून सांगायचा, "आहे तसंच. ते सुटले की आम्ही सुटलो."

एकदा नव्हे. रोज म्हणायचा. म्हणायची सवयच लागली होती.

"अजून काही लिहितायत का?" त्यानं विचारलं.

"नाही. पाटी पुसायला सांगतायत."

साहेबांनी कॉम्प्युटरवर नोंद केली आणि काउंटर सोडण्याआधीच घड्याळवाल्याच्या फोनवर मेसेज आला. आपल्याच विनंतीनुसार जोडी नंबरवर दिवसभर कॉल जोडून ठेवण्याची सुविधा बंद करण्यात आली आहे; दहा मिनिटांचे कॉल मोफत राहतील. आपण आम्हाला दहापैकी किती गुण द्याल?

घरी आल्यावर तो पलंगाशी बसला. "अण्णा, मी ते... म्हणजे तसं नव्हतं मनात..." अण्णांनी चमचा उचलला आणि 'पुरे' म्हणावं तसा दांडीवर एकच ठोका दिला. मग अण्णांनी पाटी ओढली आणि लिहिलं, "पुढची खोली. खिडकी."

दोघा नवरा-बायकोनं पलंग ओढत रस्त्याच्या खिडकीपाशी नेला. आता चमचा गजांवर वाजू लागला. शेजारच्या मावशींना किल्ली दिली होती. त्या दोन ठोक्यांत यायच्या. मावशी नसल्या तर पोस्टमन डोकावायचा, समोरचा शिंपी कात्री हातात घेऊनच धावायचा. आठवड्याभरात अण्णांचा असा काही जम बसला, की कधीकधी काही नको असतानाही चमचा वाजायचा, नुसतं माणूस बघायला. बायकोची नोकरी टिकली. फोनवाचून कुणाचंच काही अडलं नाही.

अडलं ते घड्याळवाल्याचं. दुकानात श्वास नव्हता. तो दर दहा मिनिटांनी दचकून मान वर करायचा. चष्मेवाला चहाला आला आणि "कसं काय अण्णांचं?" म्हणाला, की हा चहा तसाच ठेवून भिंग डोळ्याला लावायचा. पंधरा दिवसांनी त्यानं बायकोजवळ विषय काढला. "दहा मिनिटं तर फुकटच असतात अजून. विचारून बघ ना त्यांना. दिवसातून एकदा."

अण्णांनी दोन दिवस विचार केला. मग पाटीवर लिहिलं, "चालेल. बोलायचं नाही."

तेव्हापासून रोज चारला घड्याळवाला फोन लावतो. तिकडे मावशी उचलतात आणि अण्णांजवळ ठेवतात. चष्मेवाल्याला तो हातानंच थांब म्हणतो, फोन कानाला घट्ट धरतो, ओठ मिटून ऐकत राहतो. श्वास आत जातो, जरा अडकतो, बाहेर येतो. मावशी काहीतरी सांगून हसतात. रस्त्यावरून एखादी सायकल जाते.

कंपनी दहा मिनिटं देते. अण्णा सहाव्यालाच चमच्यानं लाल बटण दाबतात.