ज्ञानदाचं फडकं

गाडीचा एसी बिघडला म्हणून सुगंधा मस्कतच्या कुरुम भागातल्या त्या व्हिलात आत गेली. एरवी ती मुलीचा जपानीचा क्लास सुटेपर्यंत गाडीतच बसायची. आत तिची नऊ वर्षांची एकुलती एक मुलगी, दोन्ही हात ओल्या फडक्यावर टेकून, पाठ वाकवून, हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लादी पुसत होती.

तिच्या दोन्ही बाजूंना जपानी मुलं तेच करत होती, पण ती सुगंधाला दिसली नाहीत.

"ज्ञानदा, ऊठ आधी."

"आई, वेट ना. माझी लाइन फिनिश नाही झाली."

परतताना सुगंधाने गाडीच्या काचा खाली केल्या आणि उलटतपासणी घेतली. "हे रोज करायला लावतात?"

"रोज कसं? क्लास फक्त सॅटर्डेला असतो."

"आणि तू मुकाट्याने करतेस?"

"सगळे करतात. होशिनो-सेन्सेई पण करतात, टीचर असून."

सुगंधाच्या नवऱ्याला, धनंजयला, कंपनीने काही वर्षं नागोयाला ठेवलं होतं आणि ज्ञानदा तिथे बालवाडीत जपानी बोलायला लागली होती. मग त्याची बदली मस्कतजवळच्या रुसैलच्या कारखान्यात झाली. मस्कतला आल्यावर पोरीचं जपानी भराभर पुसट होऊ लागलं. इथल्या जपानी कुटुंबांनी आपल्या मुलांसाठी शनिवारचा क्लास चालवला होता. त्यात बाहेरच्यांना घेत नसत. धनंजयने तीन ठिकाणी ओळखी काढून तिला घुसवलं होतं. ज्ञानदालाही तो क्लास इतका आवडायचा, की आठवड्यात त्या एकाच दिवशी तिला उठवावं लागत नसे.

"घरी ती पाण्याचा ग्लास उचलून ठेवत नाही," सुगंधा संध्याकाळी म्हणाली. "मी कधी ठेवायला लावला नाही. का? तर तेवढ्या वेळात तिने चार अक्षरं शिकावीत. आणि ती अक्षरं शिकवणारी बाई तिला लादी पुसायला लावते."

"जपानमध्ये शाळा मुलंच साफ करतात. पद्धत आहे त्यांची," धनंजय म्हणाला.

"आपण तिथे होतो तेव्हा मला नाही दिसली ती पद्धत."

"तेव्हा ती बालवाडीत होती. तेव्हा तिलाच पुसावं लागायचं."

सुगंधा हसली नाही. तिने फोन त्याच्यासमोर ठेवला. "लिही त्या बाईंना."

जपानी माणसाला तोंडावर काही बोलायचं नसतं, हे धनंजय नागोयात शिकला होता. त्याने खूप विचार करून लिहिलं, की मुलं एवढी मेहनत घेतात हे पाहून आम्ही भारावून गेलो, हॉलच्या स्वच्छतेसाठी आमची काही मदत होणार असेल तर जरूर सांगावं.

"यात तक्रार कुठंय?"

"आहे. त्यांना बरोबर कळते."

कळली. दहा मिनिटांत उत्तर आलं. हॉल पुरेसा स्वच्छ राहत नाही हे लक्षात आणून दिल्याबद्दल होशिनो-सेन्सेई अत्यंत आभारी होत्या आणि त्यांना त्याहून अत्यंत खेद झाला होता. पुढच्या शनिवारी सफाईचा वेळ दुप्पट झाला. ज्ञानदा खूश होऊन घरी आली. "आई, आजपासून विंडोज पण. बाबांच्या मेसेजमुळे. सेन्सेईंनी सगळ्यांसमोर थँक्यू म्हटलं."

"बघ," सुगंधा नवऱ्याला म्हणाली. "आणखी एक मेसेज टाक, म्हणजे गच्चीही देतील."

आता तिने सूत्रं स्वतःच्या हातात घेतली. तिच्या माहेरी, चिपळूणजवळच्या गावात, गावकीच्या कामाला दर घरामागे एक माणूस द्यावा लागे. घरात माणूस नसेल तर बदली माणूस पाठवायचा, मग कोणी नाव ठेवत नसे. सुगंधाच्या डोक्यात हिशेब सरळ होता. ज्ञानदाच्या वाटणीचं काम होण्याशी मतलब, मग ते कोणी का करेना. तिने इमारतीची सफाई करणाऱ्या मधुकडून त्याच्या सुट्टीचा अर्धा दिवस मागून घेतला आणि त्याला ज्ञानदाबरोबर क्लासला पाठवलं. मधु केरळचा, पन्नाशीचा, कामाला वाघ. स्वतःची बादली घेऊन गेला.

दुपारी तो परत आला तो कोरड्या बादलीसह.

"काम नहीं किया?" सुगंधाने विचारलं.

"मॅडम, उन्होंने कुर्सी दिया. चाय दिया, बिस्कुट दिया. मैं पोछा उठाया तो पूरा बच्चा लोग लाइन में खड़ा होके झुक गया."

"फिर तुमने क्या किया?"

"मैं भी झुक गया."

पालकांनी खिडक्यांवरही समाधान न मानता आता या विषयातला जाणकारच तपासणीला पाठवला, असं होशिनो-सेन्सेईंनी धरलं होतं. मधुला हॉलच्या मधोमध बसवून मुलांनी त्याच्यासमोर सगळं पुसून दाखवलं. शेवटी त्याचं मत विचारलं. तो 'गुड' म्हणाला आणि टाळ्या पडल्या.

शेजारच्या फ्लॅटमधली खतिजा हे ऐकून दाराच्या चौकटीला टेकूनच हसली. ती रत्नागिरीची, तिची मुलगी उमामा शाळेत ज्ञानदाच्याच वर्गात. "अगो, माझी उमामा जेवलेलं ताट उचलीत नाय. मला पत्ता दे त्या बाईचा. जपानी नाय शिकवलंन तरी चालेल."

"तुला चेष्टा सुचतेय खतिजा. उद्या ही पोर मोठी होऊन सांगेल, आईने मला पैसे भरून मोलकरीण केलं."

त्या रात्री सुगंधाने स्वतः फोन लावला. आडून बोलायचं नाही, असं ठरवूनच. इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून ती म्हणाली, "माझी मुलगी लादी पुसणार नाही. खिडक्याही नाही. खलास."

पलीकडून होशिनो-सेन्सेई हळू आवाजात म्हणाल्या, "समजलं."

"दोन आठवडे घोळ घातलास," सुगंधा धनंजयला म्हणाली. "एका वाक्याचं काम होतं."

शनिवारी ती विजय पाहायला मुद्दाम लवकर आत गेली. सगळी मुलं पुसत होती. हॉलच्या मधोमध, मधुच्या खुर्चीवर, ज्ञानदा एकटी बसली होती. हात मांडीवर, मान खाली. फडक्यांची रांग खुर्चीपाशी आली की मुलं अदबीने वाकून तिला वळसा घालत होती आणि ती पाय वर उचलत होती. आईकडे तिने पाहिलं, पण लगेच नजर काढून घेतली. तिचा खालचा ओठ बाहेर आला होता.

सुगंधा तडक सेन्सेईंपाशी गेली. "माझ्या मुलीला वेगळं का बसवलंय?"

होशिनो-सेन्सेई हातातल्या फडक्याची घडी करत उभ्या राहिल्या. "आपणच सांगितलं होतं."

"पुसणार नाही म्हणाले होते. बसवून ठेवा म्हणाले नव्हते."

सेन्सेईंनी यावर मनापासून विचार केला. "सगळे पुसत असताना जो पुसत नाही, तो दुसरं काय करू शकतो?"

सुगंधाचा आवाज चढला. "सगळ्यांच्या हातात फडकं आणि हिच्याच हातात नाही. का? जपानी नाही म्हणून? आमच्या पोरीला पुसता येत नाही, असं वाटतं का तुम्हाला?"

"ती फार छान पुसायची," सेन्सेई म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "पण तिची जागा आता हारुतोला दिली आहे. तो सर्वांत लहान. खूप दिवस वाट पाहत होता. त्याच्याकडून काढून घेणं बरोबर होणार नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर नव्या जागा ठरतील."

"म्हणजे तोपर्यंत ती खुर्चीत?"

"एक जागा रिकामी आहे."

"मग तीच द्या."

"टॉयलेटची," सेन्सेई म्हणाल्या.

सुगंधाने हॉलकडे पाहिलं. हारुतो जीभ बाहेर काढून, जिवाच्या आकांताने खुर्चीचा पाय पुसत होता. ज्ञानदाने पाय वर धरले होते आणि ती मान वळवून आईच्या तोंडाकडे बघत होती.

घरी निघताना धनंजयचा फोन आला. "काय झालं? क्लासमधली जागा राहिली ना तिची?"

"राहिली," सुगंधा म्हणाली. मागच्या सीटवर ज्ञानदा कसलं तरी जपानी गाणं मोठ्याने म्हणत होती. "टॉयलेट मिळालंय. पण सहज देत नव्हती ती बाई. भांडून घ्यावं लागलं."