सोबत काहीही देऊ नये

वाचनालयाच्या गाडीत बोंबलाचा वास येतो, अशी नेरूळच्या एका सोसायटीतून तक्रार आली तेव्हा सुनयनाने आधी ड्रायव्हरकडे पाहिलं.

"माज्याकडं काय बगताय ताई?" हौसेराव म्हणाला. "कादंबऱ्यांच्या फळीवर बगा."

फळीवर पुस्तकांच्या मागे वर्तमानपत्रात बांधलेल्या पुड्या होत्या. एकीत सुके बोंबील, दुसरीत सुकट.

फिरतं वाचनालय तिच्या वडिलांचं. शाळेतून निवृत्त झाल्यावर सरांनी जुनी गाडी घेऊन तिच्यात फळ्या ठोकल्या होत्या. दर शनिवारी आधी दिवाळे, मग सारसोळे हे कोळीवाडे, मग नेरूळच्या सोसायट्या. डिझेल आणि हौसेरावचा पगार एक संस्था द्यायची. दिवाळीनंतर डेंग्यूने वडील गेले आणि शनिवार सुनयनाकडे आला. तिला रडायला तसा वेळ मिळाला नव्हता. बऱ्याच पुस्तकांना कव्हरं घालायची राहिली होती.

पुड्यांचा खुलासा दिवाळ्याच्या शेवंताबाईंनी केला.

"शेजारनीकडून वाटी आनली तर रिकामी परत देतो काय आमी? मग पुस्तक कसा रिकामा देयाचा?"

"मावशी, पुस्तक म्हणजे वाटी नाही."

"वाटीपेक्षा मोठा हाय ना? म्हनून तर बोंबील जास्त बांधले."

सुनयना विमा कंपनीत नोकरीला होती. तिने ऑफिसच्या सवयीने पाटी रंगवून गाडीच्या दारावर लावली: 'पुस्तक परत करताना सोबत काहीही देऊ नये. आज्ञेवरून.'

पुढच्या शनिवारी गाडीला फिनाइलचा सुंदर वास होता. कोळीवाड्यांतून एकही पुस्तक परत आलं नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. बायका यायच्या, पाटी वाचायच्या, नवं पुस्तक घेऊन जायच्या. फळ्या विरळ होत गेल्या.

"आता हॉर्न वाजवला की आत घुमतोय," हौसेराव म्हणाला.

अशात संस्थेच्या उदयसिंहांचा फोन आला. "शनिवारी दिवाळ्यात तपासणीला येतोय. पुस्तकं जागेवर दिसली पाहिजेत, मॅडम. वाटून संपली असतील तर गाडी बंद करावी लागेल."

वडिलांची गाडी आपल्या हातून बंद पडणार, या विचाराने सुनयना शनिवारी सकाळीच शेवंताबाईंच्या ओटीवर जाऊन बसली.

"पुस्तक वाचून झालं?"

"कवाच. दोनदा वाचला."

"मग द्या."

"तुजी पाटी हाय ना, बाय."

"पुस्तक परत करू नका, असं पाटीवर कुठे लिहिलंय?"

"सोबत काय देव नको, असा लिवलाय. मग मी रिकाम्या हाती कशी येऊ? लोकं बोलतील, शेवंतानं वाचून घेतला न् पाठ फिरवली."

"मी काही बोलणार नाही."

"तू नाय बोलनार. माजी सून बोलंल."

शेजारच्या घरी तर पुस्तक आणि सुक्या कोळंबीचे सोडे एकाच पिशवीत बांधून तयार होते. पाटी निघायची वाट बघत. सुनयनाने दोन्ही हात जोडले, गाडीपाशी गेली आणि पाटी उतरवली.

बातमी गावभर पसरली. उदयसिंह पोचले तेव्हा गाडीपुढे रांग लागली होती. पुस्तकं येत होती आणि प्रत्येकासोबत एक पुडी येत होती. कुणीतरी पिशवीतून जिवंत चिंबोरी आणली होती. ती सुटली आणि नांग्या उगारून बालविभागात शिरली.

उदयसिंहांनी नाकाला रुमाल लावला. "हे वाचनालय आहे की मासळी बाजार?"

"बाजार असता तर भाव केला असता, सायेब," शेवंताबाई म्हणाल्या. "सरका, मना दुसरा पुस्तक घेवाचा हाय."

उदयसिंह सरकले. फळ्या भरलेल्या त्यांना दिसत होत्या, रांगही दिसत होती. "पुस्तकांबद्दल तक्रार नाही. पण हा वास? सरांच्या वेळी मी दोनदा आलोय. सोसायटीत गाडी यायची तेव्हा वास नसायचा. तेव्हा हे लोक काही देत नव्हते?"

"देत होतो की," रांगेतून आवाज आला.

"मग ते जायचं कुठे?"

हे सुनयनालाही ठाऊक नव्हतं. घरी तर कधी एक पुडी आली नव्हती. दोघांनी हौसेरावकडे पाहिलं. हौसेराव एकाग्रतेने चिंबोरी शोधत होता.

"हौसेराव!"

"ताई, तुमी रागवाल." तो उठला. "सर खायाचे."

"कोण सर?"

"आपलेच. सारसोळ्याच्या जेट्टीवर गाडी लावली की म्या स्टो पेटवायचो. समदं संपवून, हात धुऊन मग सोसायटीत."

"बाबांना ब्लडप्रेशर होतं! मीठ बंद होतं त्यांचं! मी स्वतः अळणी भाजी करून डबा द्यायचे!"

"डबा म्या खायाचो," हौसेराव खाली मान घालून म्हणाला. "लई वाईट दिवस काढले, ताई."

सुनयनाला संताप आला. पण ज्याच्यावर काढायचा तो माणूसच नव्हता.

उदयसिंहांनी घसा साफ केला. "गाडी चालू राहील, मॅडम. तसं लिहून देतो. फक्त सोसायटीत वास जाता कामा नये. सरांची पद्धत होती, तीच पुढे ठेवा." मग रुमालाची घडी घालत त्यांनी हौसेरावला हळूच विचारलं, "स्टोव्ह आहे का अजून?"

दुपारी जेट्टीवर उदयसिंह बाह्या दुमडून बसले. सुनयनाने चांगला मोठा बोंबील उचलला, एक घास खाल्ला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"शी! किती खारट आहे!"

"सर बी हेच म्हणायचे," हौसेरावने तिच्या ताटलीत आणखी एक वाढला. "पयल्या बोंबलाला."