प्रलय आणि मंडळींचा सात जंगलांचा दौरा

एका जंगलात, मुलांनो, एक सरडा राहत असे, आणि त्याचा एका म्हणीवर फार राग असे.

ती म्हण तुम्हाला ठाऊक आहे. शाळेत रिकाम्या जागा भरताना तुम्ही ती लिहिलेली आहे. सरड्याची धाव कुठपर्यंत, असा तो प्रश्न असतो, आणि उत्तराला एक गुण असतो. मात्र तो प्रश्न लिहिणाऱ्याने सरड्याला काय वाटेल याचा विचार केलेला नसतो.

या सरड्याचे नाव चित्रसेन. त्याच्या जंगलाभोवती सुक्या बाभळीचे काटेरी कुंपण होते. ते कोणी घातले आणि कशासाठी घातले, याबाबत जंगलातील जाणकारांत मतभेद होते. घातलेले आहे म्हणून ते ओलांडायचे नाही, याबाबत मात्र एकमत होते.

रोज सकाळी चित्रसेन दक्षिणेकडच्या कुंपणाशी ऊन खायला बसे. तेथे एक वाकडी फांदी होती आणि तिला एकाच ठिकाणी तीन काटे होते. त्यांतला मधला मोडलेला होता. त्या मोडक्या काट्याला पाठ घासणे हे चित्रसेनाचे लहानपणापासूनचे सुख होते. पण तेवढ्यात सातभाई पक्ष्यांचा थवा येई. सातही जण बोलके होते.

"काय चित्रसेनराव, आज धाव कुठपर्यंत?" पहिला विचारी.

"कुंपणापर्यंत!" उरलेले सहा एका सुरात सांगत, आणि हसून हसून फांदीवरून घसरत.

चित्रसेनाची एक मावशी होती. ती पाल होती आणि तिचे नाव सुलक्षणा. वयोमानाने तिची नजर अधू झाली होती. पूर्वी एका वाटसरू बगळ्याने तिला समुद्राविषयी सांगितले होते, आणि तेव्हापासून एक शंका तिच्या मनात चुकचुकत होती.

"चितू, तो बगळा म्हणाला की समुद्राला एकच काठ असतो," ती म्हणे. "अलीकडचा. पलीकडचा नसतोच. मग मला सांग, ते पाणी सांडून कसं जात नाही?"

"बगळे काहीही सांगतात, मावशे."

"सांगत असतील. पण एकदा कुणीतरी बघून यायला हवं रे. मरायच्या आधी मला एवढं एकच कळलं तरी पुरे."

"मी बघून येतो," चित्रसेन एकदा म्हणाला. "म्हणजे तुझी शंका फिटेल, आणि त्या सातांची सात तोंडं बंद होतील."

हे बोलणे तेथून जाणाऱ्या एका कोल्ह्याने ऐकले. त्याचे नाव दीर्घदर्शी. आपल्याला पुढचे दिसते, असे तो स्वतःच सर्वांना सांगत असे.

दीर्घदर्शी त्या दिवसांत एक वाद्यवृंद जमवत होता. शलाका नावाची सायाळ त्याला आधीच मिळाली होती. ती आपलेच काटे असे छेडी की ऐकणाऱ्याच्या दाढा हलत. वज्रचंचू नावाचा सुतारपक्षी पोकळ खोडावर इतका बेभान ठोके की खोडातले किडे आपण होऊन बाहेर येत. उणीव होती ती गाणाऱ्याची.

"गाता येतं?" दीर्घदर्शीने विचारले.

"नाही," चित्रसेन प्रामाणिकपणे म्हणाला.

"उत्तम. ओरडता येतं?"

"प्रयत्न करीन. पण मला रंग बदलता येतात."

"स्वतःचे रंग बदलणारे पुष्कळ आहेत, त्याला कुणी कला म्हणत नाही. आपण वरून लावू."

मग चित्रसेनाच्या तोंडाला चुना फासला, डोळ्यांभोवती काजळाच्या ज्वाळा काढल्या आणि ओठांना गेरू लावला. पायांत बांबूच्या कांड्यांचे वीतभर उंच जोडे घातले. मागे दोन माकडे पलिते धरून उभी राहिली. पलित्यावर राळ फेकली की भडका उडे, आणि त्या भडक्यात चित्रसेन मान वरखाली हलवू लागे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मान हलवणे ही सरड्याची कला नव्हे, ती त्याची प्रकृती आहे. त्याला आनंद झाला तरी त्याची मान हलते, भीती वाटली तरी हलते आणि काहीच वाटले नाही तरीही हलते. परंतु सायाळीच्या आणि सुतारपक्ष्याच्या गदारोळात ती हललेली मान पाहून श्रोत्यांच्या अंगात संचार होई. ससे माना हलवत, हरणे माना हलवत. एका कासवाची मान तर तीन दिवस आत गेली नाही.

वृंदाचे नाव ठरले 'प्रलय आणि मंडळी'. प्रलय म्हणजे चित्रसेन.

लवकरच सात परक्या जंगलांतून निमंत्रणे आली. दीर्घदर्शीने कराराचे भूर्जपत्र उलगडले आणि तो चित्रसेनासमोर एकेक कलम वाचू लागला.

"कलम चौथे. कार्यक्रमापूर्वी कलावंत कोणाच्याही दृष्टीस पडणार नाही. दर्शन स्वस्त झालं की टाळी आटते. म्हणून प्रवास झाकणाच्या पेटाऱ्यातून. मान्य?"

चित्रसेन विचार करत होता. विचार करताना त्याची मान हलली.

"मान्य," दीर्घदर्शीने लिहिले. "कलम अकरावे. रंगमंचाभोवती आणि मुक्कामाभोवती कुंपण असेल, आणि ते कलावंताच्या सवयीचे असेल. परक्या मुलुखात माणूस बुजतो, म्हणून. मान्य?"

"पण एक प्रश्न आहे," चित्रसेन म्हणाला. "सातव्या जंगलाला समुद्र लागून आहे ना?"

"आहे की! अगदी लागून."

आनंदाने चित्रसेनाची मान पुन्हा हलली.

"मान्य," दीर्घदर्शीने लिहिले.

निघण्याच्या दिवशी आठ रेडे सामान वाहायला आले. चित्रसेन पेटाऱ्यात बसला. झाकण लावण्यापूर्वी मावशीने त्याच्या कपाळाला आपले थंड बोट लावले.

"खोकला सांभाळ. आणि काठाचं विसरू नकोस."

"विसरेन कसा?"

"मोठी माणसं विसरतात रे. तू अजून झाला नाहीस, म्हणून आत्ताच सांगून ठेवते."

झाकण लागले. बाहेर कडकड, खसखस असे काहीतरी उपटल्याचे आवाज आले. चित्रसेनाने ते मनावर घेतले नाही, कारण दौऱ्याला सामान लागतेच.

पहिल्या जंगलात झाकण उघडले तेव्हा चित्रसेनासमोर रंगमंच होता, आणि रंगमंचाभोवती सुक्या बाभळीचे कुंपण.

"या जंगलात बघण्यासारखं काय आहे?" त्याने विचारले.

"धबधबा," शलाका म्हणाली. ती सायाळ असल्यामुळे तिच्यासाठी कोणी पेटारा करायला धजले नव्हते, आणि ती चालत आली होती. "फार सुंदर आहे. सात धारा पडतात."

"मग जाऊ या!"

"धबधबा काय, पडतच असतो," दीर्घदर्शी म्हणाला. "आपला कार्यक्रम मात्र तिसऱ्या प्रहरी आहे. तोंड पुढे करा, चुना लावायचाय."

कार्यक्रम प्रचंड रंगला. नंतर तेथील वार्ताहर मैना कुंपणाच्या फटीतून चोच घालून म्हणाली, "प्रलयजी, आमचं जंगल कसं वाटलं?"

चित्रसेनाने सभोवार पाहिले. "फार आपलेपणाचं," तो म्हणाला. "अगदी घरी असल्यासारखं वाटलं."

कुंपणाबाहेर आनंदाचा कल्लोळ झाला. मुलांनो, मोठी मंडळी जेथे जातील तेथे हेच सांगतात, आणि तुम्हाला ते खोटे वाटते. परंतु चित्रसेन अक्षरशः खरे बोलत होता.

दुसऱ्या जंगलात कमळांचे तळे होते असे वज्रचंचू उडून पाहून आला. तिसऱ्यात पांढरे हत्ती होते. चित्रसेनाला चौथ्या जंगलात पाठ घासावीशी वाटली, म्हणून तो कुंपणाशी गेला. तेथे एक वाकडी फांदी होती. तिला तीन काटे होते, आणि मधला मोडलेला होता.

"दीर्घदर्शी, हे पाहा, तंतोतंत आमच्यासारखं कुंपण!"

"कलम अकरावे," कोल्हा नम्रपणे म्हणाला. "यजमान फार काटेकोर आहेत."

चित्रसेनाला गहिवरून आले. जग सगळीकडे सारखेच आहे, असा एक उदात्त विचार त्याला सुचला. पाचव्या आणि सहाव्या जंगलात त्याने तो मैनांना सांगितलाही. लगोलग तो झाडांच्या सालींवर कोरला गेला.

अखेर सातवे जंगल आले.

झाकण उघडले तेव्हा एक संथ, मोठा, न थांबणारा घोष ऐकू येत होता.

"हा आवाज कसला?"

"श्रोते," दीर्घदर्शी म्हणाला. "सकाळपासून टाळ्या वाजवतायत बिचारे."

पण हवेला खारट वास होता, आणि श्रोत्यांना असा वास येत नाही. दीर्घदर्शी पलिते तपासायला गेला तेव्हा चित्रसेनाने सामान उतरवणाऱ्या एका रेड्याला गाठले.

"रेडेदादा, खरं सांगा. तो आवाज कसला?"

"समुद्राचा, दुसरा कसला?"

"किती लांब आहे?"

रेड्याने रवंथ थांबवून अदमास घेतला. "कुंपण नसतं, तर आत्ता तुमची शेपूट भिजली असती."

चित्रसेनाने त्याच क्षणी ठरवले. आजवर जे ठरले होते ते मान हलल्यामुळे ठरले होते. हे मात्र मान स्थिर असताना ठरले.

तिसऱ्या प्रहरी कार्यक्रम सुरू झाला. शलाकेने काटे छेडले, वज्रचंचूने खोड फोडले. शेवटच्या गाण्याच्या मध्यावर चित्रसेनाने एकाएकी ओरडणे थांबवले, बांबूचे जोडे भिरकावले आणि तो धावत सुटला.

सरडा कुंपणापर्यंत धावला, मुलांनो. आणि पुढे तो वर चढू लागला.

ती वाकडी फांदी त्याच्या ओळखीची होती. अंधारातही चढला असता. मोडक्या काट्यावर पाय देऊन तो अगदी टोकाला पोचला आणि त्याने डोके वर काढले.

समोर हजारो प्राणी उभे होते. प्रत्येकाच्या तोंडाला चुना होता, डोळ्यांभोवती काजळाच्या ज्वाळा होत्या. हजारो प्रलय समुद्राकडे पाठ करून त्याच्याकडे पाहत होते, आणि समोरचे हत्ती फार उंच होते.

"बाजूला व्हा!" चित्रसेन जिवाच्या आकांताने ओरडला. "मला समुद्र पाहू द्या!"

मग श्रोत्यांना वाटले की हे नवे गाणे आहे.

"बाजूला व्हा!" हजारो कंठ गर्जले. "समुद्र पाहू द्या!"

कोणीही बाजूला झाले नाही. कोणीही मागे वळून पाहिले नाही. सर्वांच्या माना मात्र तालात हलत होत्या. अखेर एका हत्तीला घेरी आली आणि तो खाली बसला. तेवढी फट पडली. चित्रसेनाने मान उंचावली, आणि त्याच क्षणी, कलावंत उगीच कुठे चढत नाही हे जाणून, दीर्घदर्शीने माकडांना खूण केली.

राळेचा भडका उडाला. पाठोपाठ धूर झाला. तो पांढरा, दाट आणि सर्व बाजूंनी सारखा होता.

धूर विरला तेव्हा चित्रसेन पेटाऱ्यात होता आणि झाकण लागलेले होते. दुसऱ्या दिवशी मैनेने कोरले की प्रलयाचे कुंपणारोहण हा या युगातील सर्वांत धाडसी नाट्यक्षण होय.

दौरा संपला. स्वगृही पेटारा उघडला तेव्हा सारे जंगल जमले होते. चित्रसेनाच्या गळ्यात रानजाईच्या माळा पडल्या. सातभाई पुढे झाले आणि सातांनीही माना खाली घातल्या.

"चित्रसेनराव, आमची चूक झाली," पहिला म्हणाला. "सात जंगलं! ती म्हण आम्ही मागे घेतो."

"घेतो," सहा जण म्हणाले.

ज्या क्षणासाठी एवढा खटाटोप केला तो हा होता. पण चित्रसेनाचे डोळे मावशीला शोधत होते. ती गर्दीच्या मागे दिसली. ती जवळ आली. तिचा रंग उजळला होता, आणि अंगाला बारीक वाळू चिकटली होती.

"मावशे, मला तुला काही सांगायचं आहे. समुद्र..."

"अरे, समुद्र! किती मोठा रे तो!" मावशी म्हणाली. "आणि खारट केवढा!"

"तू... तू कधी पाहिलास?"

"तुझ्या तिथल्या कार्यक्रमाच्याच दिवशी. तुमचा तांडा निघाला ना, तेव्हा त्या कोल्ह्यानं दक्षिणेकडचं सगळं कुंपण उपटून रेड्यांवर लादलं. एवढी मोकळी वाट! आम्ही बसलो असतो का घरी? हे सातभाई, कासवं, ससे, सगळे तुमच्या मागोमाग निघालो. धबधब्याखाली न्हालो, कमळाचं तळं पाहिलं. त्या पांढऱ्या हत्तींच्या घरी तर दोन दिवस राहिलो. फार चांगली माणसं."

"आणि समुद्र?"

"किनारा अगदी मोकळा होता बघ! सगळे तुझ्याकडे तोंड करून उभे. आमच्याशिवाय तिथं काळं कुत्रं नव्हतं. तुला हाकाही मारल्या, पण तू मेला कुंपणात!"

चित्रसेनाने वळून पाहिले. आठ रेडे दक्षिणेकडचे कुंपण जागच्या जागी रोवत होते. वाकडी फांदी आली. तिचा मधला काटा मोडलेला होता.

"पण तुझ्यावाचून एक राहिलंय, बाळा," मावशी म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम हळू झाला. "मी पुष्कळ डोळे ताणले. पलीकडचा काठ काही मला दिसला नाही. पण माझी नजर अधू, आणि हे सगळे म्हणाले, चितू उंचावर चढला होता, त्यालाच नीट दिसलं असेल. तेव्हा तू सांगशील तेच खरं. पलीकडे काठ आहे ना रे?"

सारे जंगल ऐकायला पुढे झुकले. सातभाईसुद्धा.

आपण काहीच पाहिले नाही, हे सांगण्यासाठी चित्रसेन शब्द जुळवू लागला. शब्द जुळवणे म्हणजे विचार करणे आले.

आणि विचार करताना त्याची मान हलली.

"आहे!" मावशीने समाधानाने डोळे मिटले. "तरीच सांडत नाही."

त्या जंगलातील शाळांत समुद्राला दोन काठ असतात, असे आजही शिकवतात. उत्तराला एक गुण असतो.

तात्पर्य : सरड्याची धाव कुंपणापर्यंत, ही म्हण सामान्य सरड्यांपुरतीच खरी आहे, सरडा थोर झाला की कुंपणच त्याच्याबरोबर धावते. म्हणून, मुलांनो, जग पाहण्याची इच्छा असेल तर स्वतः थोर होण्याच्या भानगडीत पडू नये. ओळखीच्या एखाद्याला थोर करून दौऱ्यावर पाठवावे, आणि तो गेला की मागे जी मोकळी जागा पडते तिच्यातून शांतपणे बाहेर पडावे.